मागची खोली

दुकानात बसायला लागल्यावर मी फिकट रंगाच्या साड्या नेसणं सोडलं. मरून, गडद निळी, काळपट हिरवी, एवढ्याच कपाटातून निघायच्या. साड्यांच्या दुकानातल्या बाईनं रोज असं उदास का नेसावं, असं नवऱ्यानं एकदा विचारलंही. बाजारात धूळ फार असते, असं मी सांगितलं. खरं कारण असं होतं, की मला लघवी धरवत नव्हती.

हे वाक्य लिहिलं आणि उठून खोलीचं दार लावून आले. घरात दुसरं कुणी नाही, तरीही.

माझं माहेर नेपानगरचं. वडील कागदाच्या कारखान्यात होते, आम्ही कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलो. लग्न करून बुऱ्हाणपूरला राजपुऱ्यात आले. सासरचं साड्यांचं दुकान शनवाऱ्याजवळच्या एका बाजारात आहे, नवरा आणि धाकटा दीर मिळून चालवायचे. मी तिथं दिवाळीच्या पूजेला जायची, चहा घेऊन परत यायची. मग नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जिना नको, दगदग नको, असं बजावलं. मुलगा पुण्याला नोकरीत. दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही फक्त गल्ल्यावर बसा, बाकी मी बघतो." मी बसले.

मला ते आवडलं, हेही सांगायला हवं. चार माणसांत बसणं, भाव करणं, रावेरकडून आलेल्या बायकांशी खान्देशीत चार शब्द बोलणं. पण बाजारात बायकांना जायला जागा नव्हती. पुरुषांसाठी मागच्या भिंतीला आडोसा होता, तो वासावरूनच कळायचा. माझं वय पन्नाशी ओलांडलेलं, खोकला आला, शिंक आली, की थेंब थेंब जायचं. मी सकाळचा चहा सोडला. पाणी सोडलं. दुपारी जेवायला घरी गेले की दारातूनच थेट आत पळायची. दुकानात कुणी विनोद केला तर ओठ घट्ट मिटून घ्यायची, कारण हसणं म्हणजे धोका. काकू फार कडक आहेत, असं बाजारात पसरलं. ऐकून मला बरंच वाटलं. कडक बाईजवळ कुणी फारसं येत नाही.

आणि मी खरोखरच कडक झाले. दिवसभर तहानलेलं राहून, एका ठिकाणी अवघडून बसून माणसाचं काय होतं ते माझ्यावरून बघावं. डोकं ठणकायचं. घरी नवऱ्यावर खेकसायची, तेही आजारी माणसावर. आणि दुकानात आमच्याकडे काम करणाऱ्या मुलीवर.

मुलगी म्हणते, पण तिचं लग्न झालेलं होतं. तापीपलीकडच्या एका गावात सासर, घरची थोडी केळी, ती सासरे आणि नवरा बघायचे. ही बारावी झालेली, चुणचुणीत. बसनं यायची, बसनं जायची. साडी उलगडून स्वतःच्या खांद्यावर अशी टाकायची, की समोरची बाई नाही म्हणायला आलेली असली तरी थांबायची. पण दुपारी ती जेवायला म्हणून बाहेर पडली की लवकर परत यायची नाही. दुकानात गर्दी, दीर एकटे, आणि ही गायब. एकदा मी गिऱ्हाइकांसमोरच तिला बोलले.

"रोज इतका वेळ कुठं असतेस गं तू? मैत्रिणी भेटतात का?"

"नाही काकू. सॉरी काकू," ती म्हणाली आणि साड्यांच्या घड्या घालायला लागली. मान वर केली नाही.

ते लगीनसराईचे दिवस होते. एका दुपारी जामनेरकडची मंडळी जीप भरून बस्ता बांधायला आली. नवरीची आई, मावश्या, आत्या आणि एक आजोबा. बायकांचं काही पसंत पडेना. साड्यांचा डोंगर झाला. आजोबा कंटाळून मला म्हणाले, "बाई, माझ्या लग्नात हिला एकच साडी होती, आणि तीबी सासऱ्यानं उलटी बघून घेतली का सुलटी, हे अजून कळलं नाही." त्यांच्या बायकोनं त्यांना तिथल्या तिथं कोपर मारलं. सगळे हसले. मीही हसले. सकाळपासून घरी जायला मिळालं नव्हतं. हसता हसता मला कळलं की आता काही माझ्या हातात राहिलेलं नाही.

गल्ल्यामागची गादी, त्यावर पांढरी चादर. मी उठावं की बसून राहावं हे सुचेना. आणि नेमकं तेव्हाच नवरीच्या आईनं माझ्या मागच्या कपाटातली साडी मागितली. मी कशीबशी उठले, पाठ भिंतीकडे करून.

त्या मुलीनं पाहिलं. कसं पाहिलं कुणास ठाऊक, पण पाहिलं. तिनं हातातली जांभळी सिल्क झटकन उलगडली, गादीवर चढली आणि ती साडी माझ्या कमरेभोवती गुंडाळली, पदर माझ्या खांद्यावर टाकला. "हे बघा मावशी, रंग अंगावर कसा खुलतो ते बघा. घडीमध्ये नाही समजत." बोलता बोलता तिनं पायानं चादर गोळा करून गल्ल्याखाली सारली. हे सगळं एका दमात.

बायका बघतच राहिल्या. मग नवरीची आई म्हणाली, "हीच द्या. हाच पीस."

मुलगी क्षणभर अडखळली. "हा... हा काकूंनी स्वतःसाठी काढून ठेवलाय मावशी. असाच दुसरा दाखवते ना."

"मला हाच पाहिजे."

"हा नाही देता येणार."

दीर दुसऱ्या टोकाकडून ओरडले, "अक्कल आहे का तुला? गिऱ्हाईक मागतंय आणि तू नाही म्हणतेस? दुकान तुझं आहे का?"

ती गप्प राहिली. तिला एक शब्द बोलून सुटता आलं असतं. मला तर एका वाक्यात तिला सोडवता आलं असतं. 'मीच ठेवून घेतलीये ती साडी, तिला बोलू नका,' एवढं पुरे होतं. माझ्या तोंडून ते निघालं नाही. मला भीती वाटली, की तोंड उघडलं तर सगळंच बाहेर पडेल. जांभळी साडी दोन्ही हातांनी गच्च धरून मी उभी राहिले. मंडळी बस्ता अर्धा टाकून समोरच्या दुकानात गेली. दिरांनी पुन्हा तिला ऐकवलं. मी डोकं दुखतंय म्हणून त्याच साडीत गुंडाळलेली रिक्षात बसले आणि घरी आले.

न्हाणीघरात बसून मी रडले, पण रडण्यातसुद्धा माझाच विचार होता. कुणी पाहिलं असेल, कोण काय म्हणेल. तिचा विचार नंतर आला. तो आल्यावर मात्र जाईना.

पुढे ताप भरला. थंडी वाजून आली, लघवीला आग. एका ओळखीच्या लेडी डॉक्टरकडे गेले. त्यांनी तपासलं, औषध लिहून दिलं, खालच्या स्नायूंचे व्यायाम समजावले, हे वयानुसार पुष्कळ बायकांना होतं, कमी होऊ शकतं, असंही सांगितलं. मला वाटत होतं माझ्या एकटीचंच शरीर असं फितूर झालंय. मग त्या म्हणाल्या, "पाणी भरपूर प्या. आणि रोखून धरू नका, वेळच्या वेळी जा."

"कुठं जाऊ?" मी विचारलं.

"दुकानात बसता ना तुम्ही? बाजारातल्या बायका माझ्याकडे हेच घेऊन येतात. मी गोळ्या देते, त्या बऱ्या होतात, पुन्हा तिथंच जाऊन बसतात आणि पुन्हा येतात." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "माझ्या औषधानं अर्धंच काम होतं बघा."

ताप उतरल्यावर मी दुकानात गेले. दीर वसुलीला बाहेर गेले होते. मुलगी नेहमीसारखी काम करत होती, माझ्याकडे पाहून हसली, तब्येत विचारली. जणू काही झालंच नव्हतं. तिनं असं सोडून दिलं याचीच मला जास्त लाज वाटली. मी तिला जवळ बसवलं.

"त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं," मी म्हटलं.

"जाऊ द्या ना काकू. शेठ रोजच ओरडतात. टेन्शन नका घेऊ."

"तू कुठं जातेस? म्हणजे... तुला जायचं असलं तर?"

ती खाली बघून नखानं गादीचा दोरा उसवायला लागली. "माझ्या सासूबाईंची एक लांबची बहीण इथं मागच्या गल्लीत राहते. तिच्याकडे जाते दुपारी. पण रोज रोज नुसतं त्यासाठी कुणाच्या घरी कसं जायचं? चांगलं दिसत नाही. मग त्यांची भांडी घासून देते, भाजी चिरून देते. कधी त्या म्हणतात, आलीच आहेस तर पोळ्या लाटून जा. म्हणून लेट होतो."

मी तिला मैत्रिणींवरून बोलले होते.

"आणि बाकी दिवसभर?"

"पाणी नाही पीत," ती अगदी सहज म्हणाली. तिच्या पिशवीत एक बाटली असायची. सकाळी भरून आणायची, संध्याकाळी बसमध्ये बसल्यावर प्यायची. ती बाटली मी रोज पाहत होते. मी स्वतः तेच करत होते. तरी आम्ही दोघी एकाच गादीवर बसून एकमेकींपासून लपवत होतो.

मग ती जरा चाचरत म्हणाली, "काकू, रागवू नका. आपल्या मागच्या खोलीत आहे ना पण."

"काय आहे?"

"लेडीज."

मागची खोली म्हणजे बाजाराच्या मागच्या बाजूला, जिन्याखाली आमचं छोटं गोदाम. सणाचा जादा माल, पुठ्ठ्याची खोकी, मोडलेले पुतळे तिथं असायचे. "मागच्या खोलीतून बांधणीचा गठ्ठा आण," असं मीच तिला कितीदा सांगितलं होतं. मी स्वतः कधी गेले नव्हते. त्या दिवशी तिच्यामागून गेले. तिनं कुलूप उघडलं, खोकी बाजूला केली. भिंतीला निळ्या टाइल्स होत्या. प्लायवूडचा तुकडा उचलला तर खाली पांढरं भांडं, कोरडं, कोळ्याच्या जाळ्यांनी भरलेलं. एका कोपऱ्यात नळाचा पाइप, त्याला बूच मारलेलं. दारावर राखाडी रंगाचा जाड थर होता, पण तिरप्या उजेडात खालचं चित्र दिसत होतं. अंबाडा घातलेल्या बाईचा चेहरा.

मी त्या खोक्यांकडे पाहत उभी राहिले. सगळ्यांवर आमच्याच दुकानाचं नाव होतं.

संध्याकाळी नवऱ्याला विचारलं. ते खाटेवर बसून केळ्याचे वेफर खात होते, जे त्यांना मना होते. "ती खोली होय?" ते म्हणाले. "बाजार बांधला तेव्हा केली होती. पण तेव्हा बाजारात बाया होत्याच कुठं? बंद पडून राहायची. कमिटीनं विचारलं कुणाला पाहिजे का, आम्ही घेतली. ही खोली तरी बंदच होती, बाकीच्यांनी तर ओटे, पायऱ्या सगळं दाबलंय."

"आता आहेत बाया. मी आहे."

"तुझं काय? घर किती जवळ आहे."

मग मी सांगितलं. इतकी वर्षं संसार केला, पण हे सांगताना त्यांच्याकडे बघता येईना, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत सांगितलं. गादी, चादर, जांभळी साडी, ताप, सगळं. त्यांनी वेफरची पिशवी बाजूला ठेवली.

"मला का नाही बोललीस?"

"ऑपरेशननंतर तुमचं सगळं मी खाटेवर केलं. तुम्हाला कुठं काही वाटलं? माझं मला मात्र सांगता येईना."

त्यांनी पिशवीचं तोंड दुमडलं. मग म्हणाले, "वाटत होतं गं. तू खोलीत आलीस की मी झोपेचं सोंग घ्यायचो."

हे मला माहीत नव्हतं. खूप दिवसांनी त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नव्हता.

खोली रिकामी करायला दिरांचा विरोध होता. सीझनचा माल कुठं ठेवायचा, शेजारी संडास झाल्यावर साड्यांना वास लागेल, आणि मुळात खोली कमिटीची, कमिटीत विषय घ्यावा लागेल. नवरा म्हणाला, "घ्या ना विषय. ही बोलेल." मला वाटलं होतं ते स्वतः बोलतील.

कमिटी म्हणजे बाजारातले दुकानदार, समोसे आणि चहा. मी त्या मुलीला सोबत नेलं. आम्ही दोघीच बायका. मी घरून वाक्यं पाठ करून गेले होते. म्हटलं, "आपल्या बाजारात आता किती मुली कामाला आहेत. लांबून येतात. गिऱ्हाईक बायका येतात, लहान मुलं घेऊन येतात. त्यांच्यासाठी ती खोली पुन्हा चालू करावी."

एक रेडीमेडवाले म्हणाले, "भाभीजी, बात सही है आपकी. लेकिन ये लड़कियाँ तो बरसों से काम कर रही हैं. किसी ने कंप्लेंट नहीं की."

दुसरे म्हणाले, "आणि तुम्हाला तरी काय गरज? तुमचं घर राजपुऱ्यात, हे इथं."

"माझ्यासाठी नाही हो," मी पटकन म्हणाले. "ह्या मुलींसाठी. मला काही अडचण नाही."

म्हटलं आणि बाजूला पाहिलं. ती मुलगी मान खाली घालून बसली होती, आणि सगळे पुरुष आता तिच्याकडे बघत होते. मी तिला पुढे ढकलून स्वतः मागे झाले होते. दुसऱ्यांदा. तिनं मला झाकलं होतं आणि मी भर सभेत तिला उघडं पाडलं होतं, वर त्याला समाजसेवेचं नाव देऊन.

मी म्हणाले, "खोटं बोलले. मलाच लागते. मला धरवत नाही. दुकानात बसल्या जागी माझे कपडे खराब झालेत. ह्याच कारणानं मी आजारी पडले. ही पोर बारा घरची... नाही, एका घरची भांडी घासते, फक्त तिथं जाऊ द्यावं म्हणून."

एकानं मोबाइल काढला. एकानं समोसा हातातला खाली ठेवला. अध्यक्ष घाईघाईनं म्हणाले, "ठीक है, ठीक है. खुलवा दीजिए. आगे का विषय?" पटलं म्हणून नाही, तो विषय तिथून एकदाचा जावा म्हणून मंजूर झाला, हे मला स्पष्ट दिसत होतं. बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही तर डायरेक्टच बोलल्या." आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून हसायला लागली. मी दिरांना तिथंच जिन्यात थांबवून सांगितलं, की त्या दिवशी हिनं गिऱ्हाईक घालवलं नव्हतं, माझी अब्रू राखली होती. नंतर प्लंबरला फोन त्यांनीच केला.

नळ जोडला, कडी बसवली, बल्ब लावला. कुणीही येऊन घाण करेल म्हणून कमिटीनं कुलूप ठेवलं, आणि ज्या दुकानात बायका आहेत तिथं एकेक चावी. मला ते योग्य वाटलं. मी पाणी प्यायला लागले, व्यायाम करत होते, त्रास पुष्कळ कमी झाला. झोप लागायला लागली. घरात माझा आवाज खाली आला, हे नवऱ्यानंच सांगितलं. मुलगी आता दुपारी डबा खाऊन लगेच परत यायची.

बाजार झाडायला एक बाई येते, माझ्याहून मोठी असेल. ती खोली धुवायचं कामही तिलाच दिलं होतं. एका सकाळी तिनं खोली धुतली, कुलूप लावलं, चावी माझ्या हातात दिली आणि घाईघाईनं बाजाराच्या मागे, पडक्या भिंतीकडे निघाली. मला उशिरा उमगलं.

"अहो मावशी, इथंच जा ना!"

ती वळली. माझ्याकडे आणि चावीकडे पाहिलं. "मी चालते का तिथं?" तिनं विचारलं. "मला वाटलं दुकानवाल्यांची आहे."

एवढं सगळं करून, सभेत उभं राहून, स्वतःचं उघड करून आम्ही पुन्हा आमच्यापुरतंच दार बनवलं होतं. माझ्या तब्येतीला उतार पडला आणि मी तिथंच थांबले होते. मी चावी तिला दिली. मग दिरांशी भांडून, कमिटीशी भांडून कुलूपच काढायला लावलं. ह्या वेळी कुणाच्या नावानं बोलायचं हा प्रश्न मला पडला नाही, पण म्हणून ते सोपं गेलं असंही नाही. धुण्यासाठी आता सगळी दुकानं मिळून दुसऱ्या एका माणसालाही ठेवतात. आता बसमधून उतरलेल्या बायका येतात, फुलं विकणाऱ्या येतात. कधी घाण असते, कधी नळाला पाणी नसतं, कधी रेडीमेडवाल्याचं एखादं खोकं हळूच आत येऊन बसतं आणि मी ते बाहेर फेकते. साड्यांना वास लागलेला नाही.

ती मुलगी पुढे गरोदर राहिली. सातव्या महिन्यापर्यंत कामावर आली. शेवटच्या दिवशी मी तिची ओटी भरली. तेव्हा तिनं सांगितलं, की याच्या आधी एकदा दिवस राहिले होते, दुसऱ्या एका दुकानात असताना. उभं राहून, रोखून रोखून तिला फार त्रास झाला, शेवटी काम सोडावं लागलं. मग ते मूलही राहिलं नाही. कशामुळे, ते डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नव्हतं. हे ती आमच्याकडे आली त्याआधीचं. इतक्या दिवसांत ती मला कधी बोलली नव्हती.

"ह्या वेळी सगळं नीट चाललंय काकू," ती म्हणाली. "तुमच्यामुळे. थँक्यू."

तिनं वाकून नमस्कार केला. मी तिला उठवलं. आमच्या मालाची खोकी हलवायला मला एवढा वेळ लागला, आणि ही माझे आभार मानत होती. मी नुसतं म्हटलं, "सांभाळून जा. बसमध्ये बसायला जागा माग," आणि ती रस्ता ओलांडेपर्यंत दुकानाच्या पायरीवर उभी राहिले.